सव्वा मूठ गहू

धुळ्याहून परतलेला माणूस लळिंगच्या किल्ल्याचं कौतुक सांगितल्याशिवाय राहत नाही. मीही किल्ला पाहिला, पण लांबून, आणि त्या वेळी माझं डोकं इतकं तापलेलं होतं की तो किल्ला होता की मातीचा ढीग, हे मला शपथेवर सांगता यायचं नाही. तेव्हा बुरूज-तटबंदीची हौस असेल त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी गाठावं. मी सांगणार आहे ते धुळ्यातल्या एका घराबद्दल, तिथल्या एका जेवणाबद्दल आणि हिलाल नावाच्या एका उंच, देखण्या, नको इतक्या प्रेमळ मुलाबद्दल.

आम्ही म्हणजे जळगावच्या एका हायस्कुलाचा फुटबॉलचा संघ. सोबत ड्रिलमास्तर, एक चामडी चेंडू आणि त्याचा पंप. बूट कुणाकडेच नाहीत. अनवाणी खेळायचं आणि घोट्याला जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायच्या, ही आमची रीत. मी हाफबॅक. माझ्या पुढं डाव्या बाजूला सुपडू. दोघेही मॅट्रिकच्या वर्गात, एकोणिसावं लागलेले.

सुपडू या नावाला हसू नका. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातला आणि तेच नाव ठेवलं. खानदेशात गल्लीगल्लीत एक सुपडू सापडेल. पण कोपऱ्यावरून चेंडू असा वळवणारा की गोली हात वर करून नुसता बघत राहावा, असा सुपडू एकच. मी त्याच्यावर जीव टाकत होतो. मित्र तर संघातले सगळेच होते, पण सगळ्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला म्हणून माझ्या छातीत धडधडत नव्हतं. मार्चात मॅट्रिक झाली की तो चोपड्याकडं मामाच्या केळीच्या बागेत जाणार, हे ठरलेलं होतं. त्याच्या आत मला एकच गोष्ट कळायला हवी होती. त्याच्या लेखी मी कोण?

आणि तेच कळत नव्हतं. हा पठ्ठ्या टांगेवाल्याला भाऊ म्हणायचा, गोलीला भाऊ म्हणायचा, अंगावर धावून आलेल्या विरुद्ध संघाच्या खेळाडूलाही "जरा हळू, भाऊ" म्हणायचा. मला मात्र कधीच नाही. मी नुसता मध्या. त्यात गेल्या श्रावणात एक गोष्ट घडली होती. ती पुढं सांगतो, कारण ती आठवली की अजूनही माझं टाळकं फिरतं.

धरणगाव

पहिला मुक्काम धरणगावी, तिथल्या मुलांशी मैत्रीचा सामना. ताप्ती व्हॅलीच्या गाडीतून उतरलो तर चहूकडं कपाशी गुडघ्यापर्यंत आलेली आणि मैदान म्हणजे शुद्ध चिखल. काळी माती पायाला अशी धरते की प्रत्येक पावलागणिक पाय मागून घ्यावा लागतो. सामना बरोबरीत सुटला. खरं तर दोन्ही संघांना चिखलानंच हरवलं.

जेवायला डुबुकवडे होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील कोर्टात कारकून, बदली होऊन जळगावला आले. आमच्या घरी आमटी ती आमटी आणि वडा तो वडा. इथं बेसनाचे गोळे थेट उकळत्या लालभडक रश्श्यात सोडतात. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुपडूनं माझ्याकडं बघून आपल्या पानातला गूळ माझ्या पानात टाकला. "खा रे, नाहीतर रडता रडता मॅच खेळलास म्हणतील," म्हणाला. सामन्याआधी त्याच्या घोट्याला पट्टी मीच बांधली होती. नेहमी मीच बांधायचो. टाचेखालून घेऊन दोनदा आवळायची, गाठ बाहेरच्या अंगाला. ती वेळ आख्ख्या आठवड्यात माझी स्वतःची असायची. तो माझ्या खांद्यावर हात टेकून उभा राहायचा आणि मी मुद्दाम गाठ सोडून पुन्हा बांधायचो.

अमळनेर ते धुळे

अमळनेरपर्यंत आगगाडी, पुढं सर्व्हिस मोटार. वाटेत मोटार चाकाच्या आसापर्यंत रुतली. ड्रायव्हर म्हणाला, "खेळाडू आहात ना, मग लावा जोर." लावला. चाक सुटलं तसा चिखलाचा फवारा थेट माझ्या तोंडावर. सुपडू पोट धरून हसला आणि मग आपल्या सदऱ्याच्या टोकानं माझे डोळे पुसले. त्या चिखलात मी आनंदात होतो, हे मुद्दाम लिहून ठेवतो. कारण यानंतर धुळं आलं.

धुळे, शनिवार

धुळ्याच्या शाळेची पद्धत अशी की पाहुण्या संघाला धर्मशाळेत टाकायचं नाही. त्यांच्या प्रत्येक खेळाडूनं आमचा एकेक खेळाडू आपल्या घरी न्यायचा. रीत चांगली आहे. जळगावनंही उचलावी असं मी एरवी म्हटलं असतं. शाळेच्या आवारात त्यांचे मास्तर नावं पुकारत होते. मी आणि सुपडू खांद्याला खांदा लावून उभे होतो. तेवढ्यात त्यांचा सेंटर फॉरवर्ड पुढं आला. उंच, कुरळे केस, दात पांढरेशुभ्र. हाच हिलाल. त्यानं सरळ सुपडूची वळकटी उचलून आपल्या खांद्यावर टाकली.

"चाल भाऊ, घर जाऊत," म्हणाला.

आणि सुपडू गेला हो! एकदा वळून हात हलवला, बस. जणू जन्मभर हिलालच्याच वळकटीत गुंडाळलेला होता. माझ्या वाट्याला त्यांच्या गोलीचं घर आलं. गोलीचे वडील वकील. घर स्वच्छ, माणसं सज्जन, चहा फिक्का. वकीलसाहेबांनी मला लळिंगच्या किल्ल्याचा इतिहास सांगितला. मी "हो का, हो का" करत खिडकीतून समोरच्या गल्लीकडं बघत बसलो, कारण हिलालचं घर त्या गल्लीत होतं.

शेवटी राहवेना. पट्ट्या सुपडूच्या पिशवीत राहिल्यात, असं सांगून मी तिकडं गेलो. दारात पोहोचलो तर आत जातं घरघरत होतं आणि बायका गात होत्या. आता खानदेश न पाहिलेल्यांसाठी इथं थोडं थांबावं लागेल.

श्रावणात नागपंचमी झाली की इकडं घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी करतात, तिला नथ, दागिने, शालू. रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिच्या प्रसादाला रोट म्हणतात. रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचा, तो घरीच दळायचा आणि त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. आमच्याकडं प्रसाद म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याच्याही हातावर ठेवायचा. इथं उलट. रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा. परक्याला कणभरही नाही. उरला तर जमिनीत पुरतील, पण देणार नाहीत.

गेल्या श्रावणात सुपडूच्या घरी असंच सूप मांडलेलं होतं. मी उंबऱ्याशी उभा. त्याच्या आईनं, तिला आम्ही सगळे मायच म्हणतो, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मध्या बी आपलाच पोरगा. याची बी मूठ घेते." तिनं गव्हात हात घातला. आणि सुपडूनं सुपावर आडवा हात धरला. "नको माय," तो म्हणाला. "मध्याची नको." कारण सांगितलं नाही. माय ओशाळली, मी घरी निघून आलो. त्यानंतर वर्षभर मी त्याच्या पायाला पट्ट्या बांधत होतो आणि त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

आता हिलालच्या घरी काय दिसावं? हिलालची आई, सगळे तिला अक्का म्हणत, सूप घेऊन बसलेली. समोर सुपडू मांडी घालून. ती चोपड्याजवळची, म्हणजे सुपडूच्या मायच्याच गावची निघाली होती. घरात सुतक होतं म्हणून यंदा सुपडूचा रोट राहिला, हेही तिनं तासाभरात काढून घेतलं होतं.

"तू मना माहेरना पोर शे," अक्का अहिराणीत म्हणत होती, म्हणजे तू माझ्या माहेरचा पोर. "तुना रोट चुकना ना? मंग आठे खा. तुनी मूठ मी लेस."

मी दारात उभा राहून वाट बघत होतो. आता धरील हात आडवा. आता म्हणेल, नको.

सुपडूनं मान डोलावली. "घ्या मावशी," म्हणाला.

सव्वा मूठ गहू सुपात पडला. हिलालनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि "आते तू बठ्ठा घरना भाऊ!" म्हणून ओरडला. म्हणजे सगळ्या घराचा भाऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पट्ट्या न घेताच परत फिरलो. वकीलसाहेबांनी किल्ल्याचा राहिलेला इतिहास सांगितला आणि मी तोही ऐकला.

रविवार

सकाळी सामना. मी मैदानावर लवकर जाऊन सुपडूची वाट बघत बसलो. म्हटलं, राग गेला चुलीत, पट्टी तरी मीच बांधणार. तो आला. हिलालच्या बरोबर, हसत. आणि पायाला पट्टी बांधलेली! गाठ आतल्या अंगाला. असली गाठ मी सात जन्मात बांधली नसती.

"ही कुणी बांधली?"

"हिलालनं. त्याच्या हाताले चांगली पकड आहे रे."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. सुपडूला बोलायची सोय नव्हती, त्याच्या पायाला हात लावायची सोय नव्हती. राहिला हिलाल. त्या दिवशी मी चेंडूकडं फारसं बघितलंच नाही. हिलाल डावीकडं, मी डावीकडं. हिलाल मागं, मी मागं. तो पाणी प्यायला गेला तेव्हासुद्धा मी रेघेवर उभा राहून राखण केली. चेंडू त्याच्याकडं निघाला की त्याच्याआधी माझा पाय पोहोचायचा. ढकलाढकली केली नाही. तेवढी लाज शिल्लक होती. पण त्यांच्या त्या गाजलेल्या सेंटर फॉरवर्डला मी धड एक लाथ मारू दिली नाही. ड्रिलमास्तर रेघेबाहेरून ओरडत होते, "शाबास! असा पहारा जन्मात बघितला नाही!" बिचाऱ्यांना काय माहीत पहारा कशाचा होता.

शेवटी सुपडूनं कोपऱ्यावरून चेंडू वळवून गोल केला. आम्ही जिंकलो. मी त्याच्याकडं धावलो, पण माझ्या आधी हिलाल पोहोचला. स्वतः हरलेला माणूस! त्यानं सुपडूला कमरेला धरून उचललं आणि गरगर फिरवलं. "मना भाऊनी गोल करा! मना भाऊनी!" असा नाचला की त्याच्याच शाळेची पोरं त्याला शिव्या द्यायला लागली. जिंकल्याचा आनंद म्हणतात तो मला त्या दिवशी औषधालाही मिळाला नाही.

सोमवार, पांझरेच्या काठी

सकाळी कानबाई निघाली. चौरंग डोक्यावर घेतलेल्या बायका पुढं, मागं डफ, फुगड्या, गुलाल, आणि नदीला गढूळ पाणी. आमच्या साताऱ्याकडं बायका अशा भर रस्त्यात नाचल्या असत्या तर महिनाभर त्यावरच बोलणं चाललं असतं. इथं सासवा-सुना एकमेकींचे हात धरून नाचत होत्या आणि पुरुष कौतुकानं बाजूला होत होते. मला ते फार आवडलं. म्हणजे एरवी आवडलं असतं.

अक्कानं आमच्या सगळ्या संघाला बोलावलं होतं. मी गर्दीपासून जरा दूर, खडकावर बसून पाय धूत होतो. सुपडू येऊन शेजारी बसला.

"मध्या, काल तू हिलालच्या मागं असा लागला होतास, जसा तो तुझं कोंबडं घेऊन पळाला."

"कोंबडं नव्हे," मी म्हटलं.

"मग काय?"

मी दुसरा पाय पाण्यात घातला. मग म्हटलं, आज नाही विचारलं तर हा मार्चात जाईल आणि मी म्हातारा होईपर्यंत असाच जळत बसेन. "गेल्या श्रावणात माय माझी मूठ घेत होती. तू हात आडवा धरलास."

"तुले अजून ध्यानात आहे?"

"ध्यानात? वर्षभर पोटात घेऊन फिरतोय! ज्या पोराला तू परवापर्यंत ओळखतही नव्हतास त्याच्या घरी, नंदीबैलासारखी मान हलवून, घ्या मावशी! सगळ्या जगाला भाऊ म्हणतोस. टांगेवाला भाऊ, हिलाल भाऊ. मीच तेवढा परका?"

माझा आवाज चढला असावा, कारण फुगडीतल्या दोघीतिघींनी वळून बघितलं. सुपडू टाचेचा चिखल नखानं खरवडत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"रोट कोण खातं, मध्या?"

"घरचे. भाऊबंद."

"हां. देवीपुढं एकदा रोट खाल्ला की तो भाऊ. मग जन्मभर भाऊ. देवीनंच करून ठेवलेला." त्यानं नखातला चिखल पाण्यात झटकला. "हिलालचा भाऊ व्हायला माझं काय जातं? चांगला पोरगा आहे. होईन. तुझा भाऊ मले व्हायचं नाही."

डफ वाजत होता. माझ्या कानात तोच की दुसरा काही, कळेना.

"मग काय व्हायचंय?"

"ते सांगता आलं असतं तर वर्षभर गप बसलो असतो का? येडा कुठला." त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. "मायनं मूठ उचलली तसा माझा हात आपोआप आडवा गेला. म्हटलं, आता हा गहू सुपात पडला का संपलं. एवढंच मले मालूम आहे."

समोर बायकांनी कानबाई पाण्यात सोडली. आम्ही दोघंही शहाण्यासारखे हात जोडून उभे राहिलो. माझ्या तोंडावरचं हसू काही केल्या आवरेना. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं माझी भक्ती बघून मान डोलावली.

त्याच दिवशी, दुपारी

जेवायच्या वेळी घरचे आत, पाहुणे ओसरीवर, अशी पानं मांडली होती. आत रोटाच्या पोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. गंगाफळ म्हणजे आपला लाल भोपळा. ओसरीवर आमच्यासाठी वेगळ्या पिठाचा स्वयंपाक. सुपडू आत, हिलालच्या शेजारी. ते दारातून मला सरळ दिसत होतं. मी बघत होतो, आणि आदल्या दिवशीसारखं पोटात काही जळत नव्हतं.

एवढ्यात अक्का पोळी घेऊन ओसरीवर आली. माझ्यासमोर उभी राहिली. सकाळी नदीवर माझा चढलेला आवाज तिनंही ऐकला असणार आणि तिनं आपल्या परीनं अर्थ लावला असणार.

"तू बी सुपडूना जीवभावना शे," ती आतल्या पंगतीकडं हात दाखवून म्हणाली. "परका काबर बठना? ये, मझार ये. एक घास रोटना खाय. आजपासून तू बी आमना, सुपडू बी आमना. तिन्ही भाऊ."

आत सुपडूचा हात ताटावर थांबला. विचार करा, वर्षभर मी ज्या घासासाठी जळफळलो तो घास ही माऊली स्वतःच्या हातानं माझ्यासमोर धरून उभी होती.

मी पानावर आडवा हात धरला. "नको अक्का."

"काबर?"

"मला नको. खरंच नको. हात जोडतो."

तिचा चेहरा पडला. कुणीतरी पुटपुटलं, साताऱ्याकडचे ताठच. ड्रिलमास्तरांनी डोळे वटारले. हिलाल दारात येऊन म्हणाला, "ऱ्हाऊ दे माय, त्याले आपलं चालत नसंन." मी काय सांगणार? मी वाकून अक्काच्या पायाला हात लावला आणि म्हटलं, "तुमच्या हातची भाकरी असली तर द्या. ती मागून खाईन." तिनं हातातली पोळी माघारी घेतली. मग आत गेली आणि ज्वारीची रात्रीची भाकरी, ठेचा आणि कांदा आणून दिला. पुरणपोळीच्या पंगतीत मी एकटा शिळी भाकरी खात बसलो. पोरांनी तेवढ्यावरून पुढं महिनाभर माझी खेचली.

मी अर्ध्यात होतो तेव्हा सुपडू आतून हात धुऊन आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या पानातल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"अरे भाऊ, रोट सोडीसन शिळी भाकर?" हिलाल आतून ओरडला.

"याच्या पानातली मले गोड लागते," सुपडू म्हणाला आणि दुसरा तुकडा मोडला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गूळ शोधला, पण पानात गूळ नव्हता.

चार वाजता मोटार. हिलाल मोटारतळापर्यंत वळकटी खांद्यावर घेऊन आला. सुपडूला कडकडून भेटला. मोटार निघाली तसा तो बाजूनं धावायला लागला.

"भाऊ! पत्र टाकजो, भाऊ!"

मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "काय म्हणालास? ऐकू नाही आलं! परत म्हण!"

"भाऊ!" तो धापा टाकत ओरडला. "सुपडूभाऊ! मना भाऊ!"

"अजून एकदा!"

सुपडूनं माझा सदरा मागून धरून मला आत ओढलं. "पुरे की आता," म्हणाला. आणि सदरा सोडला नाही.